ऊन, वारा आणि वाळवणाची पेटी

श्रोतेहो, चैत्र-वैशाखाचे दिवस आहेत. संध्याकाळी या व्याख्यानाला निघण्यापूर्वी आपल्यापैकी काहींनी गच्चीवरचे वाळवण उचलून घरात ठेवले असेल. निदान घरातल्या कोणी तरी ते उचलले, म्हणून आपण येथे निश्चिंतपणे बसलो आहोत. कुरडया, पापड, सांडगे, सांडगी मिरच्या; कोकणात आमसुले, आंबोशी, फणसपोळी; किनाऱ्यावर बोंबील आणि सोडे. पावसाळ्याच्या चार महिन्यांची ही बेगमी पिढ्यान् पिढ्या बायकांनी केली. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. परंतु किल्ला लढवणाऱ्या शिबंदीलाही कोठारातल्या वाळलेल्या अन्नानेच तगवले आहे. तेव्हा आज वाळवणाचा, आणि विशेषतः ज्या पेटीत ते सुरक्षितपणे वाळवता येते त्या साध्या घरगुती पेटीचा इतिहास पाहू.

आरंभीच एक गैरसमज दूर करायला हवा. आपण म्हणतो, 'उन्हात वाळत घातले.' वास्तविक ऊन निम्मेच काम करते. उष्णतेने पदार्थातल्या पाण्याची वाफ होते. पण ती वाफ तेथून हलवली नाही, तर भोवतालची हवा ओलीच राहते आणि पुढचे पाणी निघेनासे होते. ती हलवण्याचे काम वाऱ्याचे. ढगाळ दिवशी वारा असला तर धोतर वाळते. निवाऱ्याच्या कोंदट अंगणात बऱ्यापैकी ऊन असूनही ते दमटच राहते, हा अनुभव कोणाला नाही?

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी सामान्य माणसांनी ओळखली होती. वसई-सातपाटीच्या किनाऱ्यावर बोंबील जमिनीवर पसरत नाहीत. बांबूच्या मांडवांवर दोऱ्या ताणून त्यांवर जोडीजोडीने लटकवतात, म्हणजे वारा सर्व बाजूंनी फिरतो. चीनमधील शिनजियांगातल्या तुर्पान येथे द्राक्षांचे मनुके करण्यासाठी मातीच्या विटांची जाळीदार घरे बांधतात. द्राक्षे टांगायची ती सावलीत. वाळवंटाचा तापलेला वारा भिंतींच्या भोकांतून आरपार जातो आणि काम करतो. आपल्या तासगावचा बेदाणाही शेडच्या सावलीत, एकावर एक ताणलेल्या जाळ्यांवरच तयार होतो. पोटॅशियम कार्बोनेट आणि तेल यांच्या द्रावणात बुडवून द्राक्षाच्या सालीवरचा मेणचट थर सैल करतात, आणि पुढचे सगळे वाऱ्यावर सोपवतात. डोक्यावर प्रत्यक्ष ऊन नाही, तरी बेदाणा होतो!

आता दुसरा प्रवाह पाहू. उन्हाला पेटीत कोंडण्याचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयोग जिनिव्हाच्या होरास बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७६७ साली केला. आतून काळी केलेली लाकडी पेटी, आणि वर काचांचे थर, एवढीच त्याची सामग्री. तेवढ्यावर त्याने पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक उष्णता मिळवली. पुढे १८३० नंतरच्या दशकात, दक्षिण आफ्रिकेच्या केपमध्ये आकाशातील तारे न्याहाळायला गेलेल्या जॉन हर्शेलने असल्याच पेटीत अन्न शिजवून दाखवले.

तिसरा माणूस तर आपल्या मुंबईचा. विल्यम ॲडम्स हा मुंबई हायकोर्टातला इंग्रज अधिकारी. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी, या विषयावर त्याने १८७८ साली मुंबईतच पुस्तक प्रसिद्ध केले. आरशांनी वेढलेल्या त्याच्या चुलीवर सात शिपायांचे मांस आणि भाजी दोन तासांत शिजली, आणि तीही मुंबईतल्या सर्वांत थंड अशा जानेवारी महिन्यात. सन १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. त्याच सुमारास याच प्रांतात सूर्यशक्तीचा असा विचार करणारा माणूस होता, याची आपल्याकडे फारशी आठवण राहिली नाही.

या तिघांच्या उपकरणांत एक गोष्ट समान होती. त्यांचा सारा रोख उष्णता जमवण्यावर होता. हवेला जागा नव्हती. शिजवायला ते ठीक, वाळवायला निरुपयोगी. बंद पेटीत मिरच्या ठेवल्या तर त्या उकडतील आणि काचेवर पाण्याचे थेंब जमतील. म्हणजे एकीकडे वारा ओळखणारे कोळी आणि बागाईतदार, दुसरीकडे ऊन कोंडणारे शास्त्रज्ञ. आणि दोघांची गाठ पडायला जवळजवळ दोनशे वर्षे जावी लागली.

ती गाठ ज्या नमुन्यात स्पष्ट दिसते, तो कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या ब्रेस संशोधन संस्थेचा. घरच्या घरी वाळवणाची पेटी कशी करावी, याचे एक साधे पत्रक या संस्थेने १९६५ साली काढले. पेटीची लांबी रुंदीच्या निदान तिप्पट, म्हणजे कडेच्या फळ्यांची सावली आत फारशी पडत नाही. तळ आणि बाजू दुहेरी. मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा किंवा वाळलेले गवत, उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून. आतून काळा रंग. वर उतरते छप्पर, काचेचे अथवा पारदर्शक प्लास्टिकचे, तेही दुहेरी. आत जाळीचे ताट, आणि ते आत-बाहेर करायला मागे दार. एवढ्यापर्यंत ही सोस्यूरचीच पेटी. नवे काय? तळाला भोके आणि वरच्या बाजूला भोके. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून निघते, तिच्या जागी खालून नवी हवा ओढली जाते. पंखा नाही, वीज नाही. उन्हाने स्वतःचा वारा स्वतःच निर्माण केला.

यातले मर्म दोन आकड्यांत सांगता येते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते. ५० अंशांच्या हवेत ८० ग्रॅमहून अधिक. कोकणातली दमट हवा पेटीत शिरून तापली की तीच तहानलेली होते. मात्र पेटीकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. चांगल्या उन्हाच्या दिवशी आपल्याकडे एका चौरस मीटरवर पाच-सहा किलोवॅट-तास ऊर्जा पडते. साधी पेटी त्यातला चौथा हिस्सा उपयोगात आणते असे धरले, तर दिवसाला दोनेक लिटर पाणी उडेल. दहा किलो टोमॅटोंतले नऊ लिटरांहून अधिक पाणी काढायला तिला चार-पाच दिवस लागतील, आणि हाती पाऊण किलोच्या आतबाहेर माल येईल.

दोषही आहेत. पेटी फार तापली की फोडींची वरची साल कडक होते, आत ओल कोंडते आणि पुढे डब्यात बुरशी धरते. प्रत्यक्ष उन्हाने रंग उडतो, जीवनसत्त्वेही घटतात. म्हणून नंतरच्या कारागिरांनी पेटीचे दोन भाग केले: हवा तापवणारा काळा पन्हळ वेगळा, आणि अन्नाचे अंधारे कपाट वेगळे. बँकॉकच्या आशियाई तंत्रविज्ञान संस्थेत १९७० नंतरच्या दशकात एक्झेलने भातासाठी बांबू, प्लास्टिक आणि जळका तूस यांचा वाळवणकक्ष केला आणि हवेची ओढ वाढावी म्हणून त्याला उंच धुराडे दिले. तुर्पानची सावली आणि सोस्यूरची काच येथे एकत्र आली.

आता एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९५० नंतर मोठ्या आशेने आरशाची सूर्यचूल तयार केली होती. ती घरोघर का गेली नाही? याचे एक कारण मला असे दिसते, की तिने स्वयंपाकघर भर दुपारी उन्हात आणून ठेवले. स्वयंपाकाची वेळ तिला जुळली नाही, रात्रीची भाकरी तर नाहीच नाही. वाळवणाचे तसे नाही. तेथे गृहिणी आधीपासूनच उन्हात उभी आहे. कावळे हाकते, वरची बाजू खाली करते, जुन्या धोतराचा पातळ पदर झाकते आणि आभाळ भरून आले की धावत गच्चीवर जाते. पेटी तिला नवे काम सांगत नाही. असलेले काम हलके करते. देशावर वैशाखात, कोरड्या वाऱ्यात पापडांसाठी पेटीची गरज नाही, हे मोकळेपणाने मान्य करावे. परंतु दमट किनाऱ्यावर, धुळीच्या रस्त्याकाठी, आणि अवकाळी पाऊस एका सरीत महिन्याची मेहनत बुडवतो तेव्हा, ती दोन भोकांची पेटी फार मोलाची ठरते.

याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत घडलेले वैभव तिडके आणि त्यांचे सहकारी यांनी सौर वाळवणयंत्र तयार करून मराठवाड्यातल्या शेतकरी स्त्रियांपर्यंत नेले. वाया जाणारा भाजीपाला त्या आपल्याच दारात वाळवू लागल्या. या कामाला २०२३ साली 'अर्थशॉट' हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. यंत्र नवे असेल. पण ते ज्या हातांत गेले ते हात जुने, जाणते आहेत.

सोस्यूरचे नाव ग्रंथांत राहिले, ॲडम्सचे निदान जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर. पण आमसुलाची साल त्याच्याच रसात किती वेळा बुडवून वाळवावी, कुरडई बोटांत कशी मोडली म्हणजे डब्यात भरावी, हे ज्यांनी ठरवले त्यांची नावे कोठेही नाहीत. कोणी सुताराकडून अशी पेटी करून घेणार असेल तर अवश्य घ्यावी. मात्र तिच्यातला पहिला माल वाळला की नाही, हे तापमापकाला विचारण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात ती फोड द्यावी. या इतिहासातला सर्वांत जुना दाखला तिच्या बोटांत आहे.