लिमोनचेल्लो : जुन्या लिंबाचे तरुण मद्य

नेपल्सच्या दक्षिणेला सोरेन्तो, अमाल्फी आणि काप्री बेट या पट्ट्यात फिरताना पिवळ्याधमक मद्याची बाटली दुकानादुकानांत दिसते. हे लिमोनचेल्लो, म्हणजे लिंबाच्या सालीचे गोड मद्य. बाटलीसोबत बहुधा एक कथाही मिळते. सारासेन चाच्यांच्या काळापासून इथले कोळी पहाटे समुद्रावर जाण्याआधी थंडी घालवायला याचा घोट घेत, ही एक. मठांतील भिक्षू दोन प्रार्थनांच्या मधल्या वेळात ते पीत, ही दुसरी. सोरेन्तोच्या खानदानी घरांत पाहुण्यापुढे ते ठेवल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नसे, ही तिसरी. आजच्या धाग्यात या कथांची थोडी उलटतपासणी.

या कथांच्या पाठीशी त्या त्या काळचा कागद कोणी पुढे ठेवत नाही. अशा वेळी इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय करावे? कथा फेकून द्यावी, हे सोपे उत्तर झाले. मला दुसरा मार्ग अधिक रुचतो. पदार्थाची कृतीच साधन म्हणून वाचावी आणि तिच्यातला प्रत्येक घटक त्या प्रदेशात, सामान्य माणसाला परवडेल अशा भावात, केव्हा आला हे विचारावे.

तर आधी कृती. इटालियन घरांत प्रमाणे बदलतात, पण सांगाडा एकच. दहा-बारा ताजी, मेण न चोपडलेली लिंबे घ्यायची. सालीचा फक्त पिवळा पापुद्रा सोलायचा. खालचा पांढरा गर आला की मद्य कडू होते. ही साल १ लिटर शुद्ध मद्यार्कात घालून बरणी अंधारात ठेवायची, कोणी आठवडाभर, कोणी महिनाभर. इटलीत घरगुती मद्यांसाठी ९५ टक्क्यांचा खाद्य मद्यार्क किराणा दुकानात उघड मिळतो. साल फिकी आणि ठिसूळ झाली, मद्यार्क पिवळा झाला, की दीड लिटर पाण्यात ८०० ग्रॅम साखरेचा पाक करून तो पूर्ण थंड करायचा, त्यात मद्यार्क गाळून मिसळायचा, बाटल्या भरायच्या आणि आणखी काही आठवडे थांबायचे. तयार मद्यात सुमारे ३० टक्के मद्यार्क उरतो. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवले तरी गोठत नाही आणि जेवणानंतर लहान पेल्यात गारेगार दिले जाते.

पाक पडताच पारदर्शक द्रव एकाएकी ढगाळ होतो. सालीतले सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात नाही. पाणी वाढले की त्याचे अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि प्रकाश विखुरतात. (आपल्याकडे कोणी हे करू पाहील, म्हणून एक इशारा: औद्योगिक स्पिरिटमध्ये मिथेनॉलसारखे विष मिसळलेले असू शकते, त्याने माणसे आंधळी होतात, मरतात. शिवाय महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे.)

आता साक्षीदार एकेक करून बोलावू. पहिला साक्षीदार लिंबू. हे लिंबू आपले कागदी लिंबू नव्हे. जनुकीय अभ्यासानुसार युरोपात ज्याला लेमन म्हणतात ते आंबट संत्रे आणि महाळुंग यांच्या संकरातून जन्मले. आपले कागदी लिंबू मिक्रांथा नावाचे आग्नेय आशियातील फळ आणि पुन्हा महाळुंग यांच्या संकरातून. दोन्हींकडे पराग महाळुंगाचा. बाप एक, आया दोन. म्हणजे ही नात्याने सावत्र भावंडे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच महाळुंग.

रोमच्या फोरम परिसरातील उत्खननात लिंबाच्या बिया आणि साल सापडली आहे. काळ साधारण ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीचा ते इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभाचा. पण ते धनिकांच्या बागेतले नवल होते. लिंबाची व्यवस्थित लागवड सिसिलीत आणि दक्षिण इटलीत रुजवली ती अरबांनी, दहाव्या शतकाच्या आसपास. अमाल्फीचे व्यापारी तेव्हा इजिप्तपर्यंत जात होते. म्हणजे चाचे ज्यांचे म्हणून सांगतात त्या अरबांकडूनच लिंबूही आले, ही गंमत कथेत कुठे येत नाही. असो, हा साक्षीदार कथेच्या बाजूने बोलतो.

दुसरा साक्षीदार मद्यार्क. पश्चिम युरोपात मद्य ऊर्ध्वपातित करण्याची जी सर्वांत जुनी वर्णने मिळतात, त्यांतले एक बाराव्या शतकातले, सालेर्नोच्या वैद्यकीय परंपरेतले आहे. सालेर्नो अमाल्फीपासून किनाऱ्याने अगदी जवळ! इथवर वाचून मलाही वाटले होते की कथा खरी ठरणार. पण ते ‘जळते पाणी’ औषध होते, थोड्या प्रमाणात आणि खटाटोपाने निघणारे. स्वच्छ, गंधहीन, तीव्र मद्यार्क स्वस्तात आणि सतत निघू लागला तो स्तंभ-ऊर्ध्वपातन यंत्रामुळे. एनिअस कॉफीने अशा यंत्राचे स्वामित्वहक्क १८३० च्या सुमारास घेतले.

तिसऱ्या साक्षीदाराने मात्र खटला निकालात काढला. ८०० ग्रॅम साखर! संस्कृत शर्करा अरबीत सुक्कर झाली आणि इटालियनमध्ये झुक्केरो. शब्दाबरोबर ऊसही सिसिलीत पोहोचला. तरीही मध्ययुगीन युरोपात साखर औषधविक्रेत्याकडे, मसाल्यांच्या रांगेत बसलेली वस्तू होती. पहाटे होडी लोटणारा कोळी तिचा पाक करून थंडी घालवील, हे मानणे कठीण आहे. १७४७ साली बर्लिनमध्ये मारग्राफने बीटमधून साखर वेगळी केली आणि १८०१-०२ च्या सुमारास सायलेशियात तिचा पहिला कारखाना उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखर सामान्यांच्या स्वयंपाकघरात सहज येऊ लागली. (त्याच १७४७ साली जेम्स लिंड हा वैद्य ब्रिटिश नौदलाच्या जहाजावर १२ आजारी खलाशांवर प्रयोग करून संत्र्या-लिंबांनी स्कर्व्ही बरा होतो हे पाहत होता. पुढे युरोपच्या नौदलांना लिंबू हवे झाले आणि दक्षिण इटलीच्या बागा विस्तारल्या.)

तेव्हा कृतीची साक्ष अशी: लिंबू मध्ययुगाचे, मद्यार्काची कल्पना मध्ययुगाची, पण मद्य जसे आज आहे तसे एकोणिसाव्या शतकाआधी घरोघर असणे शक्य नाही. पेल्लेग्रिनो आर्तुसीचे प्रसिद्ध पाकपुस्तक १८९१ साली निघाले. त्यात आणि त्याच्या वाढीव आवृत्त्यांत मद्यार्क, साखर, पाणी आणि फळ वा मसाला यांपासून घरी करायच्या ‘रोझोलिओ’ नावाच्या गोड मद्यांच्या कृती आहेत. आपले मद्य याच कुळातले.

मग लिमोनचेल्लो हे नाव? काप्रीच्या कानाले कुटुंबाचे सांगणे असे की विसाव्या शतकाच्या आरंभी अनाकाप्रीतील त्यांच्या पूर्वज स्त्रीच्या छोट्या अतिथिगृहात हे मद्य पाहुण्यांना दिले जाई. याच कुटुंबातील मास्सिमो कानाले यांनी १९८८ साली ‘लिमोनचेल्लो दी काप्री’ हा व्यापारचिन्हाचा हक्क नोंदवला. त्यानंतरच्या काळात हे मद्य इटलीबाहेर पसरले. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली ‘परंपरेची निर्मिती’ या विषयावर संपादित ग्रंथ काढला होता. त्यांना पाच वर्षे थांबता आले असते तर एक चविष्ट उदाहरण मिळाले असते.

पण मला या कथांविषयी खरी तक्रार वेगळीच आहे. त्यांत कोळी आहेत, भिक्षू आहेत, चाचेसुद्धा आहेत; स्वयंपाकघरात सुरी घेऊन साल सोलणारी बाई नाही. घरगुती कृती तोंडी, आईकडून मुलीकडे जातात, म्हणून कागद नाही. आणि कागद नाही म्हणून मोकळ्या जागेत रोमहर्षक पुरुषपात्रे येऊन बसतात. अमाल्फीच्या उभ्या डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागांतून लिंबांच्या जड टोपल्या पाठीवर घेऊन बंदराकडे उतरणाऱ्याही बायकाच होत्या. त्यांना फोर्मिकेल्ले, म्हणजे ‘छोट्या मुंग्या’, म्हणत.

या पायऱ्या दगडावर दगड रचून बांधलेल्या आहेत आणि लिंबे चेस्टनटच्या खांबांच्या मांडवाखाली वाढतात. तिथे यंत्र जात नाही, म्हणून मजुरी महाग पडते. एकदा बाग सोडली की बांध ढासळतो आणि मातीही जाते. लिंबाला चांगला भाव देणारे मद्य आले, तेव्हा उरलेल्या बागा राखायला एक कारण मिळाले. म्हणजे परंपरा तरुण असली तरी तिच्या आधाराने उभी असलेली भिंत जुनी आहे.

आणि एक तपशील. युरोपीय संघाने सोरेन्तो आणि अमाल्फी किनारा या दोघांच्या मद्यांना भौगोलिक संरक्षण दिले आहे, पण त्या नोंदीत ‘लिमोनचेल्लो’ हा शब्द नाही. तिथे सरळ लिहिले आहे: लिक्वोरे दी लिमोने, लिंबाचे मद्य.