रस्त्यावर नजर कुणाची?

वसई म्हटली की आपल्याला चिमाजी अप्पा आठवतात, १७३९ चा वेढा आठवतो, फार झाले तर १८०२ चा तह. पण त्या तटबंदीच्या आत माणसे राहत होती, ती रोज केर काढत होती आणि तो कुठेतरी टाकत होती. तो उचलायचा कुणी, आणि उचलला की नाही हे पाहायचे कुणी? हाही इतिहासच आहे, बरे का! लढाईइतका तो देखणा नाही, एवढेच.

१५३४ पासून सुमारे दोनशे वर्षे वसई पोर्तुगीजांकडे होती. किल्ल्यात त्यांची नगरसभा होती. तिला ते ‘कामारा’ म्हणत. पोर्तुगीज नगरव्यवस्थेत ‘अल्मोतासे’ नावाचा एक अंमलदार असे. बाजारातली वजनेमापे तपासणे आणि रस्ते स्वच्छ राखले जातात की नाही हे पाहणे, ही त्याची कामे. गंमत अशी, की हा शब्द मूळचा अरबी ‘मुहतसिब’. मुसलमानी राज्यांतल्या शहरांतही या नावाचा अधिकारी असे. पेशव्यांच्या पुण्यात शहराच्या सफाईवर कोतवालाची देखरेख होती. राज्ये निराळी, नावे निराळी, काम पुष्कळसे एकच. मात्र हे सारे अंमलदार जबाबदार होते ते वरच्यांना. गल्लीत राहणाऱ्या साध्या माणसाने त्यांना जाब विचारावा, अशी सोय नव्हती.

ती सोय कशी आली, ते आता पाहू. १८५० च्या कायद्याने शहरातील रहिवाशांना नगरपालिका मागून घेता येऊ लागली. वसईची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईहून उत्तरेकडे जाणारी रेल्वे वसई तालुक्यातून धावू लागली. तेव्हाच्या नगरपालिकांचे सभासद सरकारने नेमलेले असत. पुढे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने लोकांनी निवडलेले सभासद येऊ लागले. मत होते ते कर भरणाऱ्यांनाच. प्रौढ मतदान आले ते स्वातंत्र्यानंतर. १९०१ च्या कायद्याने तर दिवाबत्ती, रस्त्यांची झाडलोट, गटारांची निगा ही नगरपालिकेची आवश्यक कर्तव्येच ठरवून दिली. म्हणजे रस्ता झाडणे ही मेहरबानी राहिली नाही, ते देणे झाले.

लहान गावच्या नगरपालिकेत हे देणे वसूल करण्याची रीत अगदी साधी असे. सभासद त्याच आळीत राहणारा. गटार तुंबले तर त्याच्याही नाकाला वास यायचा. सकाळी घरमालक त्याला ओट्यावर गाठणार, तो सॅनिटरी इन्स्पेक्टरला सांगणार, इन्स्पेक्टर मुकादमाला आणि मुकादम झाडूवाल्याला.

या साखळीचे शेवटचे टोक मात्र कुणी नीट पाहिले नाही. टोपलीतून मैला वाहण्याचे काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. सभासदाने रस्ता पाहिला, तो झाडणारे हात पाहिले नाहीत. मैला हाताने उचलण्याला बंदी करणारा कायदा संसदेने केला तो १९९३ साली, आणि तो पुरेसा न पडल्यामुळे २०१३ साली दुसरा करावा लागला. देखरेखीचा इतिहास सांगताना ही लाजिरवाणी बाजू झाकून चालणार नाही.

आता अलीकडचे पाहा. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. पुष्कळ गावांनी या समावेशाला विरोध केला. २९ गावे वगळण्याचे शासनाने २०११ मध्ये जाहीर केले, आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे न्यायालयात राहिला. या विरोधात घरपट्टी वाढण्याची भीती होती, हे खरे. पण आणखीही काही होते. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा आहे. गावकरी उठून सरपंचाला रस्त्याचा हिशेब विचारू शकतो. महानगरपालिका आली की ती ग्रामसभा गेली.

२०११ च्या शिरगणतीत महानगरपालिकेची वस्ती १२ लाखांवर होती. २०१५ च्या निवडणुकीत जागा होत्या ११५. एका नगरसेवकामागे दहा हजारांवर माणसे! त्याला ओट्यावर गाठायचे म्हटले तर रांगच लावावी लागेल. जून २०२० मध्ये त्या सभागृहाचीही मुदत संपली, आणि पुढची पाच वर्षे उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच राहिला. प्रशासक लायक नसतो, असे मी म्हणत नाही. पण तो मत मागायला आपल्या दारी येत नाही.

यात बिघडते काय? वसईच्या वाड्यांतली बावखले आठवा. माणसाने खणलेली ही लहान तळी पावसाचे पाणी धरून ठेवीत. कोणते बावखल कधी भरते आणि त्याचे पाणी कोणत्या वाटेने खाडीकडे जाते, हे गावच्या माणसाला तोंडपाठ. त्यांतली कितीतरी पुढे भराव आणि केरकचरा टाकून बुजवली गेली. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे बंद पडली, तेव्हा या बुजलेल्या बावखलांची पुष्कळांना आठवण झाली. नकाशात न दिसणारी गोष्ट पाहायला जवळचाच डोळा लागतो.

मग मोठे शहर मोडून पुन्हा लहान करायचे का? ते आता होणे नाही. पाणीपुरवठा आणि मोठे नाले यांना मोठी संस्थाच हवी. म्हणून तर १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या घालून दिल्या. मोठ्या शहरात जवळचा डोळा टिकावा, हाच त्यांचा हेतू. त्या समितीचे कार्यालय आपल्या घरापासून किती दूर आहे, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील?

वाचकहो, तेव्हा एवढे करावे. गटाराची तक्रार तोंडी सांगून थांबू नये. ती लिहावी, जागा आणि तारीख घालावी, कार्यालयात देऊन पोच घ्यावी, आणि पंधरा दिवसांनी ती पोच घेऊन पुन्हा जावे. शेजाऱ्याचीही सही घेतली तर उत्तम. आणि जाता जाता, आपल्या गल्लीत झाडू मारणाऱ्या माणसाला हातमोजे मिळतात का, हेही त्याच कागदावर विचारावे.