मनोरुग्णाला बांधून ठेवणे: कायदा काय सांगतो?

वॉर्डात दाखल केलेल्या आपल्या माणसाचे हात पलंगाला बांधलेले पाहिले, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. ‘हे योग्य आहे का? बोललो तर डॉक्टर चिडतील का?’ असे प्रश्न मनात येतात. याबाबत आपल्या देशात स्पष्ट कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला असून त्याच्या कलम ९७ मध्ये शारीरिक बंधनाचे नियम दिले आहेत. हे नियम सरकारी मनोरुग्णालयांना, खासगी रुग्णालयांना आणि सामान्य रुग्णालयातील मनोविकार विभागालाही लागू आहेत.

बंधन केव्हा घालता येते?

दोन्ही अटी पूर्ण झाल्या तरच:

- रुग्णाकडून स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका आहे आणि तो टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय उरलेला नाही.
- रुग्णावर उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला मंजुरी दिली आहे.

तीव्र उन्माद, दारू अचानक बंद झाल्यावर होणारा भ्रम किंवा ‘मला मारायला आले आहेत’ असे आवाज ऐकू येणे, अशा अवस्थेत रुग्ण कधीकधी अतिशय आक्रमक होतो. तेव्हाही आधी शांतपणे बोलणे, गर्दी आणि गोंगाट कमी करणे, औषध देणे हे उपाय करायचे असतात. बंधन हा शेवटचा मार्ग आहे आणि तो उपचार नाही. धोका टळताच ते सोडले पाहिजे.

काय चालत नाही?

- शिक्षा म्हणून किंवा धाक दाखवण्यासाठी बांधणे.
- केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधणे.
- रुग्णाला खोलीत एकटे कोंडून ठेवणे.
- साखळदंडाने बांधणे. कलम ९५ नुसार कोणत्याही स्वरूपात साखळी वापरण्यास पूर्ण बंदी आहे. यात मनोविकारतज्ज्ञांची परवानगीसुद्धा चालत नाही.

साखळीवरील बंदीचे महत्त्व समजायला एक घटना पुरेशी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवलेल्या एका आश्रयस्थानाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळताच आले नाही. त्या आगीत २८ जणांचा जीव गेला.

रुग्णालयाची जबाबदारी

बंधन कोणत्या पद्धतीने घातले, का घातले आणि किती वेळ ठेवले, याची नोंद लगेच केसपेपरवर व्हायला हवी. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. हा प्रतिनिधी म्हणजे रुग्णाने स्वतः लेखी नेमलेली व्यक्ती. तशी नेमणूक नसेल, तर सहसा जवळचा नातेवाईक किंवा काळजीवाहक ही भूमिका घेतो. बंधनाच्या सर्व घटना दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवाव्या लागतात.

बांधलेल्या रुग्णावर वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सतत देखरेख हवी. याला वैद्यकीय कारणही आहे. पट्टा घट्ट असेल तर हातापायाचा रक्तप्रवाह अडतो. पालथे झोपवून दाबल्यास श्वास कोंडू शकतो. बराच वेळ हालचाल झाली नाही तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून श्वास, नाडी आणि बोटांचा रंग वारंवार तपासणे, पाणी पाजणे, लघवी-शौचाची सोय करणे हे आवश्यक असते.

नातेवाइकांनी काय विचारावे?

- बंधन का घातले? आधी कोणते उपाय केले?
- मंजुरी कोणत्या डॉक्टरांनी दिली? नोंद कुठे आहे?
- किती वाजता घातले आणि सोडण्याचा विचार केव्हा होणार?
- देखरेख कोण करत आहे?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. उत्तर समाधानकारक नसेल, तर आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. एखादी संस्था हे नियम सतत आणि जाणूनबुजून मोडत असेल, तर मंडळ तिला बंधनाचा वापर थांबवण्याचा आदेश देऊ शकते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

घरी बांधून ठेवले असेल तर?

अनेक कुटुंबे रुग्ण निघून जाईल किंवा मारहाण करेल या भीतीने त्याला घरात बांधतात किंवा कोंडतात. त्यामागे बहुतेकदा क्रूरपणा नसून थकवा आणि असहायता असते. पण त्याने आजार बरा होत नाही आणि उपचार लांबतात. मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचे समजल्यास पोलिसांनी ते दंडाधिकाऱ्यांना कळवावे, अशी कायद्यात तरतूद आहे.

त्याआधीच मदत घ्या. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा.

रुग्ण बरा झाल्यावर त्याच्याशी या अनुभवाबद्दल जरूर बोला. बांधले गेल्याची आठवण अनेकांना दीर्घकाळ छळते आणि त्या भीतीने ते पुढचे उपचार टाळतात. ‘मला काय केल्याने शांत वाटते’ हे त्याच्याकडून समजून घेऊन डॉक्टरांना सांगून ठेवले, तर पुढच्या वेळी बांधण्याची वेळ कदाचित येणारही नाही.