खाल्लेलें अंगीं कां लागत नाहीं?

अन्न पोटांत जाणें आणि तें अंगीं लागणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आपल्या भाषेनें फार पूर्वीं ओळखून ठेवलें आहे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यांतील सोनारी येथें चैत्रांत काळभैरवनाथाची यात्रा भरते. तेथें देवाच्या पायांवर जीं मुलें घातलीं जातात, त्यांतल्या एखाद्या हडकुळ्या मुलाची आजी "याला खाल्लेलें अंगीं लागत नाहीं" असें म्हणाली, तर ऐकणारास त्यांत नवल वाटणार नाहीं. मग कारणें शोधण्यांत येतात : कोणी दृष्टीचें नांव घेतो, कोणी जंतांचें, आणि बहुतेक सर्वजण अखेरीस मुलाच्या आईकडे बोट दाखवितात. आजीच्या वाक्यांतील भेद वैद्यकशास्त्रास मात्र पुरतेपणीं उमगावयास विसावें शतक उजाडावें लागलें. त्या शोधाचा एक अध्याय आपल्या मुंबईंत घडला आणि दुसरा न्यूयॉर्कमध्यें. दोन्हींच्या नायिका स्त्रिया होत्या.

पहिला अध्याय डॉ. लूसी विल्स यांचा. १९२८ सालीं या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरणगांवांतील गरोदर स्त्रियांस एक घोर पांडुरोग होत असे. रक्त फिकें पडे, त्यांतील तांबड्या पेशी थोड्या आणि अवाजवी मोठ्या दिसत, आणि पुष्कळ स्त्रिया बाळंतपणांत दगावत. विल्सबाईंनीं परळच्या हाफकिन संस्थेंत बसून रोगजंतूंचा मागोवा घेतला, तसाच या स्त्रियांच्या ताटांचाहि घेतला. भाजीपाला, फळें, दूध यांची तेथें वाण होती. प्रयोगशाळेंतील माकडास तसलेंच निकस अन्न दिलें असतां तोहि पांडुर झाला, आणि 'मार्माइट' नांवाचा यीस्टचा स्वस्त अर्क चारतांच सुधारला. तोच अर्क स्त्रियांस दिल्यावर त्यांचें रक्त झपाट्यानें भरून येऊं लागलें. १९३१ सालीं ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्या अर्कांतील अज्ञात द्रव्यास कित्येक वर्षें 'विल्स-घटक' म्हणत. पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें काढण्यांत आलें व फोलिक आम्ल या नांवानें तें आज प्रत्येक गर्भवतीस परिचित आहे. मुंबईचा धडा असा कीं, ताटांत उणें असेल तर अंगांत उणें पडतें.

परंतु ताट भरलेलें असूनहि अंग रितें राहिलें तर? या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या अध्यायांत आहे. डॉ. डोरोथी अँडरसन यांस शस्त्रवैद्य व्हावयाचें होतें. स्त्री म्हणून ती वाट त्यांस बंद झाली व त्या शवविच्छेदनाच्या कामाकडे वळल्या. न्यूयॉर्कच्या बाल-रुग्णालयांत संग्रहणीसारख्या रोगानें मेलेल्या समजल्या गेलेल्या एका बालकाचें स्वादुपिंड त्यांनीं तपासलें, तेव्हां त्यांस तेथें निराळेंच कांहीं दिसलें. त्यांनीं जुने कागद व नमुने धुंडाळले, आणि १९३८ सालीं ४९ रुग्णांचा वृत्तान्त छापून एका नव्या रोगाची स्वतंत्र ओळख पटवून दिली. हाच सिस्टिक फायब्रोसिस. या मुलांच्या देहांत अ-जीवनसत्त्वाच्या उपासमारीच्या खुणा आहेत, ही गोष्टहि त्या वेळींच ध्यानांत आली होती. हीं मुलें उपाशी नव्हतीं. कित्येक तर अधाशासारखीं जेवत.

याचें मर्म समजण्यास स्वयंपाकघरांतील एक अनुभव पुरे आहे. तेल पाण्यांत मिसळत नाहीं. पोटांतहि तोच प्रकार होतो. यकृताकडून येणारें पित्त तुपातेलाचे बारीक थेंब करतें आणि स्वादुपिंडाचा रस त्यांचें विघटन करतो; तेव्हां कोठें ते आंतड्यांतून शरीरांत शिरतात. अ, ड, ई आणि के हीं चार जीवनसत्त्वें स्निग्ध पदार्थांतच विरघळणारीं असल्यामुळें त्यांचा प्रवास याच गाडींतून होतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्यें शरीरांतील स्राव दाट व चिकट होतात. त्यांनीं फुप्फुसांच्या नळ्या तुंबतात, तशाच स्वादुपिंडाच्याहि. रस आंतड्यांत न उतरतां जागींच कोंडतो व त्या पिंडाचाच नाश करतो. दहांपैकीं सुमारें आठ-नऊ रुग्णांची अशी अवस्था असते. मग खाल्लेलें तूप मळावाटे निघून जातें आणि त्याच्या सोबत तीं चार जीवनसत्त्वेंहि जातात. 'अ' उणें पडलें कीं रातांधळेपणा येतो. 'ड' उणें पडलें कीं हाडें दुबळीं होतात. 'ई'च्या अभावीं मज्जातंतू बिघडतात. आणि 'के' नसेल तर रक्त वेळेवर गोठत नाहीं. म्हणून या रुग्णांस हीं जीवनसत्त्वें वेगळीं, नेहमींहून मोठ्या मात्रेंत व जन्मभर द्यावीं लागतात.

येथें एक घरगुती समजूत आड येते. पचत नाहीं ना, तर तूप बंद करा, असा सल्ला कोणीहि देईल. पाश्चात्य वैद्यहि पुष्कळ वर्षें तोच देत. टोरांटोच्या डॉक्टरांनीं १९७० नंतर तो मोडला : पाचक रसाचीं औषधें भरपूर द्या आणि स्निग्ध अन्नहि भरपूर द्या, असें त्यांनीं सांगितलें. १९८८ सालीं बॉस्टनच्या रुग्णांशीं तुलना झाली, तेव्हां टोरांटोचे रुग्ण अंगानें भरलेले तर दिसलेच, पण त्यांचें मध्यम आयुर्मान ३० वर्षें व बॉस्टनच्यांचें २१ वर्षें आढळलें. तेव्हां जीवनसत्त्वाची गोळी कोरड्या पोटीं घेऊन भागत नाहीं; ती तुपातेलाच्या जेवणाबरोबर व पाचक औषधाबरोबरच घ्यावयाची असते. हें पाचक औषध बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. ज्या घरांस त्याचा संकोच वाटेल त्यांनीं वैद्याशीं मोकळेपणें बोलावें, परंतु न सांगतां तें बंद करूं नये. तसेंच, मात्राहि मनानें वाढवूं नये. 'अ' व 'ड' शरीरांत सांठून अपाय करूं शकतात, म्हणून दरवर्षीं रक्त तपासून प्रमाण ठरवितात. २०१९ पासून निघालेल्या नव्या औषधांनीं कित्येकांचा मूळ दोषच पुष्कळसा सांवरतो. त्यांच्या 'अ'चें प्रमाण वाढूं शकतें, म्हणून त्यांची मात्रा नव्यानें पाहावी लागते.

या रोगाची आणखी एक खूण आमच्या कोरड्या, तापट मुलखानें विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९४८ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कमध्यें असह्य उष्मा झाला, तेव्हां गळाठून रुग्णालयांत आलेल्या मुलांत या रोगाचीं मुलें फार निघालीं. त्यावरून शोध घेतां पॉल दि सांत'आन्येस यांस १९५३ सालीं आढळलें कीं, यांच्या घामांत मीठ नेहमींपेक्षां कितीतरी अधिक असतें. घामाची परीक्षा हीच पुढें या रोगाची मुख्य कसोटी ठरली. चैत्र-वैशाखांत परंड्याकडे ज्वारीचें रान रिकामें होऊन ऊन भाजूं लागतें, त्या दिवसांत अशा मुलास जीवनसत्त्वांइतकीच पाणी व मीठ यांचीहि जपणूक लागते.

हा रोग केवळ गोऱ्या लोकांचा, अशी समजूत दीर्घकाळ होती. आपल्या देशांत तो विरळा खरा, परंतु १९६० नंतर येथील रुग्णांचे वृत्तान्त प्रसिद्ध होऊं लागले, आणि आतां तो येथेंहि आहे याविषयीं शंका उरलेली नाहीं. मात्र प्रत्येक नवजात बालकाची त्यासाठीं सरसकट तपासणी येथें होत नाहीं. त्यामुळें वारंवारचा खोकला पाहून क्षयाचें, आणि तेलकट, दुर्गंधीयुक्त जुलाब पाहून अजीर्णाचें औषध देण्यांत मोलाचीं वर्षें जातात. तोंवर घरांत ठपका येतो तो आईवर. याहि बाबतींत इतिहासाचा निर्णय स्पष्ट आहे. आई आणि बाप या दोघांकडूनहि सदोष अंश आल्यावांचून हा रोग होत नाहीं, असें अँडरसनबाईंनीं १९४६ सालींच एका सहकाऱ्यासह दाखवून दिलें होतें, आणि १९८९ सालीं तो अंश सांतव्या गुणसूत्रावर प्रत्यक्ष सांपडला. दोघेंहि निरोगी असतात; दोघांपैकीं कोणाचाहि त्यांत अपराध नसतो.

गिरणगांवांतील स्त्रीच्या ताटांत जें नव्हतें तें घालून ती बरी झाली. या मुलांच्या ताटांत सर्व असतें, पण वाट बुजलेली असते. म्हणून औषधानें रोज वाट मोकळी करून द्यावी लागते व सांडलेलें भरून काढावें लागतें. तेव्हां 'खाल्लेलें अंगीं लागत नाहीं' हें आजीचें वाक्य ज्या घरांत निघेल, त्या घरानें तें सुनेस न ऐकवितां डॉक्टरांस ऐकवावें, आणि मुलाच्या घामाची परीक्षा कोठें होते तें त्यांस विचारावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.