गव्याची गोळी किती तोळ्यांची?

शिकारीच्या जुन्या पुस्तकांत शौर्य फार. मला मात्र त्यांतला हिशोब वाचायला आवडतो. कोणत्या जनावराला किती वजनाची गोळी, हा वाद बंदूकवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरला. सातारा-सांगलीकडे तर तो जास्तच अवघड. पूर्वेच्या माळावर पस्तीस-चाळीस किलोंचे काळवीट, पश्चिमेला कोयना-वारणेच्या रानात आठशे-नऊशे किलोंचा गवा!

इंग्रज गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजत. १८० ग्रेन म्हणजे आपला एक तोळा. तेव्हा आपण तोळ्यांतच बोलू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘एक्स्प्रेस’ रायफली आल्या. गोळी हलकी, टोकाला पोकळ आणि दारू भरपूर. हरीण जागीच कोसळे. पण तीच गोळी गव्याच्या खांद्यावर बसली, की मांसातच फुटायची, फुप्फुसापर्यंत पोचायचीच नाही. जखमी गवा कारवीत शिरे आणि मागावर साहेबाच्या पुढे चालायचा तो गावचा माणूस. गोळीच्या वजनातली चूक अशी भलत्याच्याच जिवावर बेतायची. सॅम्युअल बेकर या नामांकित शिकाऱ्याने १८९० च्या आपल्या पुस्तकात पोकळ गोळीवर कडक टीका केली. मोठ्या जनावरासाठी त्याची पसंती पॉइंट ५७७ च्या भरीव शिशाच्या गोळीला, वजन साडेतीन तोळ्यांहून थोडे जास्त.

मग गावकऱ्याच्या बंदुकीचे काय? बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशात ज्या मापाच्या बारा गोळ्या होतात ते माप. म्हणजे एक गोळी सव्वातीन तोळ्यांची, बेकरच्या गोळीपेक्षा फार कमी नाही. पण ती गोल, मऊ आणि संथ. त्याच वजनाची लांबट, निमुळती गोळी खोल जाते, गोल गोळी लवकर थांबते. नुसत्या वजनाने भागत नाही ते असे.

शिवाय निवड करायला मोकळीक हवी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य रयतेला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने पॉइंट ४५० च्या गोळ्यांनाही बंदी घातली. चोरीस गेलेल्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकांत त्या वापरल्या जातील, ही भीती. विलायतेतल्या कारखानदारांनी लगेच पॉइंट ४६५, ४७०, ४७६ अशी मापे काढली. गोळीचे वजन तेच, पावणेतीन तोळ्यांच्या आसपास! बंदीमुळे साहेबाच्या शिकारीचे फारसे अडले नाही, हे यातले खरे मर्म.

१९१२ मध्ये लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने पॉइंट ३७५ ची रायफल आणली. तिला तीन वजनांच्या गोळ्या होत्या : २३५, २७० आणि ३०० ग्रेन. हलकी माळावरच्या जनावराला, जड रानातल्या. एकाच बंदुकीत माण आणि पाटण दोन्ही बसले म्हणा ना!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस सरले. कोयना आणि चांदोली १९८५ मध्ये अभयारण्ये झाली, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. डिसेंबर २०२१ मध्ये एक गवा थेट सांगलीच्या मार्केट यार्डात शिरला. अशा वेळी पशुवैद्यापुढे प्रश्न येतो तो पुन्हा वजनाचाच. भुलीच्या सुईत औषध किती भरायचे, हे समोर उभ्या जनावराचे वजन नजरेने अंदाजूनच ठरवावे लागते.