फादरला बायको कशी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोललो जवळपास तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... अं...' काढून टाकलेत.

सुरुवात निर्मळच्या आमच्या स्वयंपाकघरातून. माझी बहीण नर्स आहे. नाताळच्या आधी एका रात्री जेवताना तिने सांगून टाकलं की तिला लग्न करायचंय. मुलगा ख्रिस्ती, पण प्रोटेस्टंट. आणि तिच्याच हॉस्पिटलमध्ये चॅप्लेन. आईचा वाढता हात थांबला. "म्हणजे फादर? फादरला बायको कशी?"

मी हसलो, पण आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या निर्मळचंच बघा ना. इकडे होली क्रॉस चर्च, तिकडे शंकराचार्यांचं मंदिर, जिथे कार्तिकात मोठी जत्रा भरते. फादर असो की संन्यासी, देवाच्या कामाला लागायचं तर घर सोडायचं, हेच आम्ही लहानपणापासून बघत आलो. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. 'सुवार्ता'चं संपादन, हरित वसईचं आंदोलन, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. एवढं सगळं केलं, पण स्वतःचा संसार नाही.

आता थोडा इतिहास. चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटल, तुरुंग, सैन्य, कॉलेज अशा ठिकाणी लोकांच्या सोबतीला असणारा धर्मसेवक. हा शब्द आला एका झग्यावरून. चौथ्या शतकात मार्टिन नावाच्या रोमन सैनिकाने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा कापून अर्धा दिला, अशी कथा आहे. पुढे तो झगा पवित्र अवशेष म्हणून जपला गेला. लॅटिनमध्ये झग्याला 'काप्पा', म्हणून तो सांभाळणारे 'काप्पेलानी'. त्यावरून चॅप्लेन. गंमत बघा, मार्टिनने अर्धा झगा दिला आणि अर्धा स्वतःकडे ठेवला.

पण धर्मगुरूने किती द्यायचं आणि किती ठेवायचं? ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंची लग्नं अवैध ठरवली. १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने कॅथरिना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न केलं, आणि प्रोटेस्टंट पाळकाचं घर ही नवीच गोष्ट जगात आली. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर पाचशे वर्षं जुनं आहे. खरा प्रश्न पुढचा. त्या घरात राहणाऱ्या बाईचं काय?

आणि इथे आपण मराठी लोक नशीबवान, कारण एका बाईने ते सगळं लिहून ठेवलंय. लक्ष्मीबाई टिळक. पुस्तक 'स्मृतिचित्रे', पहिला भाग १९३४ चा.

नवरा कवी, नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई घरी, पदरात लहान दत्तू. पुढची चार-पाच वर्षं नवरा-बायको वेगळे. मग त्या टिळकांकडे परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही. पाणी वेगळं, चूल वेगळी. कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनाशी भांडून भांडून त्यांनी जातपात सोडली आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

१९०४ मध्ये टिळक पाळक झाले. रेव्हरंड ते, पण घर पाळकाचं झालं म्हणजे काम दोघांचं. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात, बालकवी ठोंबरे मुक्कामाला. टिळकांनी हाताला लागेल ते देऊन टाकायचं, आणि उद्याच्या पिठाची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. हे सगळं त्या चिडून लिहीत नाहीत, हसवत लिहितात. वाचताना आपण हसतो, आणि दोन पानं पुढे गेल्यावर घशात काहीतरी अडकतं.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. आता त्यांना ख्रिस्ती संन्यासी व्हायचं होतं. साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे घर असलेला पाळकसुद्धा शेवटी निर्मळच्याच वाटेवर! ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचं अर्धं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.

मला टिळक आवडतात. पण त्यांच्या मोठेपणाचा अर्धा झगा घरातूनच कापला जात होता, हेही खरं. टिळकांच्या त्यागाला आपण त्याग म्हणतो. लक्ष्मीबाईंच्या त्यागाला बराच काळ संसार म्हटलं गेलं.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. खरं तर घाबरवायलाच. मी सॉफ्टवेअरवाला, महिन्यातला एक आठवडा ऑन-कॉल. रात्री तीनला सर्व्हर पडला की उठतो आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांवर खेकसतो. इथे तर माणसं जातात रात्री तीनला. असा फोन रोज आला तर?

ती म्हणाली, "दादा, तीनच्या फोनला तो पोचायच्या आधी तिथे कोण असतं? मीच ना?"

मी गप्प. तिच्या नाइट ड्यूट्या आम्ही सहा वर्षं बघतोय. तिने संसार कसा सांभाळायचा, हा प्रश्न आम्ही तिला लगेच विचारला. त्याने कसा सांभाळायचा, हे त्याला कोणीच विचारलं नव्हतं.

मग तो घरी आला तेव्हा आईनेच विचारलं. "हिची नाइट असली तर स्वयंपाक कोण करणार?"

"मी करतो," तो म्हणाला. "पण मासे साफ करता येत नाहीत."

मिश्र विवाहाला आमच्याकडे बिशपांची परवानगी लागते. तो अर्ज गेलाय. तोवर दर रविवारी दुपारी आई त्याला बोंबील साफ करायला शिकवतेय. 'स्मृतिचित्रे'ची माझी प्रत मात्र त्याने नेलीय, अजून परत दिलेली नाही.

तुमच्या घरात असं कोणी आहे का, जे दुसऱ्यांच्या दुःखाला धावून जातं? मग त्यांच्या मागे ताट झाकून कोण बसतं, तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.