तारेचं कुंपण आणि बिनभिंतीचा तुरुंग

आजची गोष्ट दिल्लीच्या करोल बागेतून सुरू करू. तिथल्या सराफी गल्ल्यांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी मराठी माणसं भेटतात. आपण त्यांना गलाई व्यावसायिक म्हणतो. गाव विचारलं की बहुतेक जण विटा, खानापूर किंवा आटपाडी सांगतात. सांगली जिल्ह्याचा हा दुष्काळी पट्टा. यातल्या आटपाडीजवळच एक तुरुंग आहे, आणि त्याला भिंतच नाही!

त्याचं नाव स्वतंत्रपूर. १९३९ साली औंध संस्थानात तो सुरू झाला. राजे होते बाळासाहेब पंतप्रतिनिधी. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची; गांधीजींच्या सहवासातला हा माणूस. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्यांना इथे जमीन कसायला दिली आणि बायकामुलांसह राहू दिलं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. वसाहत आजही चालू आहे.

आता शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात चला. सोलापूर शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. नाव आलं गुन्हेगार जमाती कायद्यातून. इंग्रजांनी तो १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आणला आणि १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही लागू केला. पारधी, कैकाडी, कंजारभाट, भामटे अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात आली. हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर परवानगी घ्यायची. काहींना गिरणीत काम मिळालं, मुलांना शाळा मिळाली. पण पोरगं जन्मालाच यायचं ते संशयित म्हणून.

जरा थांबून विचार करा. हातून खून झालेल्या माणसावर आटपाडीत विश्वास टाकला गेला. ज्याच्यावर एकही गुन्हा शाबीत नव्हता, तो सोलापुरात कुंपणाआड राहिला. फरक कशाचा? एकीकडे माणूस पाहिला, दुसरीकडे जात पाहिली.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. विमुक्त समाज हा दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतो. पण पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावरून जमात गेली, ठाणेदाराच्या नजरेतून गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

१९५८ साली परिवीक्षा कायदा झाला. तुरुंगात टाकण्याऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं आणि परिवीक्षा अधिकाऱ्याने पाठीशी राहायचं, हा त्याचा गाभा. अडचण अशी, की आपल्याकडे पोलीस, तुरुंग आणि परिवीक्षा ही तीन खाती आपापल्या वहीत लिहितात. सुटून आलेल्याच्या दारात सगळ्यांत आधी पोहोचतो तो पोलीस. काम आणि खोली शोधून देणारा बहुधा पोहोचतच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००९ पासून ही तिन्ही खाती सराईतांच्या बाबतीत एकत्र बसून ठरवतात: कुणावर नजर ठेवायची, कुणाचं व्यसन सोडवायचं, कुणाला घर द्यायचं.

पण एकत्र बसणं म्हणजे आपोआप न्याय नव्हे. सोलापुरात पोलिसांचा पहारा, तुरुंगासारखं कुंपण आणि सुधारणेची भाषा एकाच जागी होती! म्हणून वहीत कुणाचं नाव आणि कशासाठी लिहिलं जातं, हा प्रश्न आधी येतो. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली पोलिसांच्या हिस्ट्री शीटच्या प्रकरणात नेमकं तेच बजावलं: मागास समाजातल्या निरपराधांची नावं सरधोपट नोंदवू नका, गुन्हेगाराच्या अल्पवयीन मुलांची ओळख त्यात आणू नका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगातली जातीवरून होणारी कामांची वाटणी न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

करोल बागेतला आपला गलाईवाला दागिना कुणाच्या घरातला आहे हे पाहून सोन्याचा कस ठरवत नाही. भट्टीत घालून पाहतो. माणसाच्या बाबतीत स्वतंत्रपूरने ते केलं, त्यालाही आता ऐंशीहून अधिक वर्षं झाली.